गेलेकरांचं सकारात्मक भाषण

गेलेकर हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दुकानाच्या परवान्यावर होतं आणि बायकोच्या लक्षात होतं, बस्स. फ्रीज दुरुस्त करणारा हा माणूस कुठल्याही फ्रीजच्या पाठीमागे उकिडवा बसला, कान लावला, की पहिला शब्द तोंडातून यायचा, "गेलं." काय गेलं ते नंतर. कधी कॉम्प्रेसर गेलेला असायचा, कधी नुसता गॅस, कधी तर भिंतीतल्या प्लगची पिन सैल झालेली असायची. पण तोवर घरातल्या माणसांनी नव्या फ्रीजचा हिशोब मांडलेला असायचा. मग तासा-दोन तासांनी फ्रीज गुरगुरायला लागला की हात पुसत म्हणायचे, "सध्या चालतोय." गल्लीत कुणीतरी त्यांना गेलेकर म्हटलं आणि ते असं चिकटलं की पार्सलवालाही "गेलेकर इथंच का?" असं विचारत यायचा. तेही मुकाट्यानं सही करून पार्सल घ्यायचे.

माणूस वाईट नव्हता. आशा या गोष्टीशी मात्र त्यांचं कधी जमलंच नाही. शेजारणीनं कौतुकानं आपलं तान्हं बाळ दाखवलं, तेव्हा नीट निरखून म्हणाले, "सध्या तरी तब्येत बरी दिसते." शेजारीण पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

बायको, म्हणजे गल्लीच्या काकू, बरोब्बर उलट. काकूंच्या मते बस येणारच असायची, ताप उतरणारच असायचा आणि रुसलेलं माणूस संध्याकाळपर्यंत परत येणारच असायचं. त्यांचा संसार म्हणजे एकानं खिडकी लावायची आणि दुसऱ्यानं उघडायची. पण चालला होता.

पाठ दुखायला लागली तेव्हा गेलेकरांना वाटलं, जड फ्रीज उचलल्याचं असेल. मग लघवीतून रक्त आलं. मूत्रपिंडात गाठ निघाली. मूत्रपिंड काढलं. सर्जन खुशीत येऊन म्हणाला, "सगळं निघालं, काका!" भूल पुरती उतरलेली नव्हती, तरी गेलेकरांनी डोळे किलकिले करून विचारलं, "सध्या?"

सर्जनला तो विनोद वाटला. पुढे एक-दोन वर्षांनी फुफ्फुसात गाठी दिसल्या तेव्हा त्याला तो आठवला की नाही, कोण जाणे. एक औषध काही महिने चाललं. दुसऱ्यानं तळहाताची सालं निघाली, पाना धरवेना. शेवटी मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, "काका, नेहमीची औषधं होती ती देऊन झाली."

"म्हणजे गेलं," गेलेकर म्हणाले.

"असं एकदम म्हणता येणार नाही..."

"तुम्ही नका म्हणू. मी म्हणतो."

घरी आल्यावर त्यांनी आवराआवर सुरू केली. दुकानाला कुलूप लावलं. गॅस भरताना दाब दाखवणारी घड्याळं, पाने आणि चांगली टॉर्च उचलून मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या मेकॅनिकला देऊन आले. या मेकॅनिकशी त्यांचं गेली कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. "वापर," एवढंच म्हणाले. तो बिचारा गहिवरला.

काकूंनीही कंबर कसली, पण वेगळ्या दिशेनं. घरातल्या फ्रीजच्या दारावर कागद चिकटले. 'मी बरा होत आहे.' 'हसणं हेच औषध.' चिकटपट्टीनं रंग उडतो म्हणून ज्या माणसानं आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या फ्रीजवरचे कागद खरवडून काढले, त्याला आता पाण्याची बाटली घेताना ही वाक्यं वाचावी लागत. जोरात वाचा, असा काकूंचा आग्रह. ते वाचायचेही, पण मीटरचं रीडिंग सांगावं तशा आवाजात.

अशात साडू आले. हातात हिरव्या रसाची बाटली. "शंभर टक्के गॅरंटी आहे. माझ्या ओळखीतले तिघं बरे झाले."

"किती दिवसांची?"

"कसली?"

"गॅरंटी. कॉम्प्रेसरला कंपनीसुद्धा तारीख घालून देते. हा रसवाला लिहून देतो का?"

साडूंचं तोंड एवढंसं झालं. मेहुणीचं मन राखायला गेलेकरांनी दोन घोट घेतले. उरलेला रस कुंडीत गेला. ती कुंडी पुढे काकूंच्याही हातून वाचली नाही.

मग एके दिवशी हॉस्पिटलातून फोन आला. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, बोलताना कागदाकडे न बघता माणसाकडे बघणाऱ्या. त्यांनी दोघांना समोर बसवलं. "एक नवीन औषध आहे. अजून बाजारात आलेलं नाही. त्याची चाचणी चालू आहे."

"गुण येतो?" गेलेकरांनी विचारलं.

"माहीत नाही."

गेलेकरांनी मान वर केली. "माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे खरंच माहीत नाही, काका. उंदरांच्या गाठी लहान झाल्या. माणसांत आत्ता कुठं सुरुवात आहे. सध्या आम्ही मुख्यतः बघतोय ते हे, की माणसाला हे औषध कितपत सोसतं. तुम्हाला फायदा होईलच असं मी म्हणणार नाही. त्रास मात्र होईल. जे कळेल ते पुढच्यांच्या उपयोगी पडेल."

"पण होऊ शकतो ना फायदा?" काकू पुढे सरकल्या.

"होऊ शकतो. न होण्याचीच शक्यता जास्त."

काकूंचा चेहरा उतरला. गेलेकरांचा मात्र बऱ्याच महिन्यांनी थोडा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं. "मधेच नको वाटलं तर?"

"सोडायचं. कारणसुद्धा विचारणार नाही."

संमतीचे कागद त्यांनी घरी नेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. ताप, पुरळ, तोंड येणं, यकृत बिघडणं, क्वचित मृत्यू. "व्यवस्थित लिहिलंय," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी जाऊन सही केली.

जिना उतरताना काकूंना राहवेना. "तुम्हाला तर कसलीच आशा नाही. मग सही कशाला केलीत?"

"खात्री नाही म्हणाली ना ती? म्हणून विश्वास बसला."

दर तीन आठवड्यांनी औषध चढायचं. लांबलचक खोली, ओळीनं रेक्झिनच्या खुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाईनचा स्टँड, खिडकीतून खालची मोटारी लावायची जागा दिसायची. पहिल्याच दिवशी शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी गेलेकरांच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघितलं. "नऊ नंबर. डावा किंचित मोठा. डाव्याचं माप घेत जा, चावणार नाही."

हे बूटवाले. उभा जन्म बुटांच्या दुकानात लोकांच्या पायांत बूट घालण्यात गेलेला. गाठही गेलेकरांसारखीच, चाचणीही तीच. पण स्वभाव असा की नर्स सुई टोचायला आली की तिलाच धीर द्यायचे. "हे औषध ना, नऊ नंबर, नव्या बुटासारखं आहे. आधी चावणार. मग सैल होतं."

"आणि नाही झालं तर?"

"आख्ख्या नोकरीत एका गिऱ्हाइकाला मी हे सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगू होय?"

दोघांची गट्टी कशी जमली ते नर्सांनाही कळलं नाही. बूटवाले विनोद सांगायचे. गेलेकर कधी हसले नाहीत, पण घरी येऊन ते सगळे विनोद काकूंना बातमी सांगावी तशा गंभीरपणे सांगायचे. लवकर पोचले तर खिडकीजवळची खुर्ची स्वतः न घेता तिच्यावर आपली पिशवी ठेवून बूटवाल्यांची वाट बघायचे.

हॉस्पिटलात एक उमेद गट होता. तो चालवणाऱ्या संयोजिकाबाई अतिशय उत्साही. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये त्यांनी हसऱ्या सूर्याचं भलंमोठं चित्र लावलं होतं आणि बाहेरच्या फलकावर बूटवाल्यांचा हसरा फोटो. खाली लिहिलं होतं: 'यांच्याकडून शिका.' गेलेकर तिथून जाताना थांबून म्हणाले, "काय शिकायचं? माप घ्यायला?"

औषध सांगितल्याप्रमाणे त्रास देत होतं. थंडी वाजून ताप यायचा. तोंड इतकं यायचं की पाणीही झोंबायचं. अंगाला खाज. गेलेकर घरात चिडचिड करायचे, काकूंवर खेकसायचे, मग पांघरूण डोक्यावर घेऊन पडायचे. काकू फ्रीजवरचं वाक्य बदलायच्या.

काही महिन्यांनी छातीचं स्कॅन झालं. डॉक्टरीणबाईंनी पडदा त्यांच्याकडे फिरवला. "काका, गाठी लहान झाल्यात. निम्म्याहून लहान."

गेलेकर पडद्याजवळ वाकले. "नाव तपासा."

"काय?"

"दुसऱ्याचं असेल."

"तपासलं. दोनदा. मलाही आधी तसंच वाटलं."

हे ऐकल्यावर मात्र त्यांचा विश्वास बसला. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी काकूंना विचारलं, "आता काय करायचं?" स्टेशनवर सगळ्यांचा निरोप घेऊन झाल्यावर गाडी रद्द झालेल्या माणसासारखी त्यांची अवस्था होती.

सगळ्यात आधी हत्यारं परत आणायची होती. मागच्या गल्लीतला मेकॅनिक दारात आडवा उभा राहिला. "मला वाटलं तुम्ही कायमची दिलीत."

"मरणार म्हणून दिली होती. नाही मेलो."

"आता यात माझी काय चूक?"

"माझी तरी काय?"

शेवटी टॉर्च ठेवून घेऊन बाकीचं त्यानं दिलं, आणि दोघांचं बोलणं पुन्हा बंद झालं.

इकडे श्रेयासाठी रांग लागली. साडूंचा फोन आला, "बघितलंत? रस!" दोन घोटांत एवढा गुण, तर पूर्ण बाटलीत काय झालं असतं, असंही ते म्हणाले. काकू फ्रीजच्या दाराकडे बोट दाखवायच्या. संयोजिकाबाई म्हणाल्या, "मनाची शक्ती!" गेलेकर प्रत्येकाला "औषध" असं एका शब्दात सांगायचे. लोकांना वाटायचं, काय विनयशील माणूस आहे!

त्याच आठवड्यात बूटवाल्यांचंही स्कॅन झालं. त्यांच्या गाठी वाढल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, "नंबर चुकला म्हणायचा. दुसरा दाखवा." दुसरा नव्हता. चाचणीतून त्यांचं नाव कमी झालं. त्यानंतर ते यायचे ते अंगात रक्त कमी पडलं की नुसतं रक्त चढवून घ्यायला. बायको सोबत असायची. तिच्यासमोर ते पूर्वीपेक्षाही जास्त विनोद करायचे.

एकदा ती गोळ्या आणायला खाली गेली होती. बूटवाले खुर्चीत मागे टेकले आणि हळूच म्हणाले, "नऊ नंबर, एक सांगू? हसून हसून गाल दुखतात हो."

"मग नका हसू."

"मी नाही हसलो तर ती रडते."

गेलेकर उठले, स्वतःचा सलाईनचा स्टँड ओढत आले आणि त्यांनी दोन्ही खुर्च्यांभोवतीचा हिरवा पडदा सरकवून घेतला. "आता कुणी नाही. बसा निवांत."

बूटवाल्यांचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो त्यांच्या वयाचा दिसायला लागला. जिन्याशी बायकोचा आवाज आला तसे ते सावरून बसले. गेलेकरांनी पडदा उघडला.

पुढच्या खेपेला खिडकीजवळच्या खुर्चीवरून नर्सनं पिशवी उचलून गेलेकरांच्या हातात दिली. गेलेकरांना कळलं.

घरी जाताना ते हॉलवरून गेले. आत दोघी-तिघी बोलत होत्या. "फार लढले हो. पण शेवटी शेवटी उमेद सोडली असणार, त्याशिवाय का..." बाहेरच्या फलकावर बूटवाल्यांच्या जागी चार टाचण्या उरल्या होत्या. संयोजिकाबाई लगबगीनं बाहेर आल्या. "अय्या, तुमचीच आठवण काढत होते! काका, तुमचा एक छानसा फोटो द्याल? इथं लावते. आणि पुढच्या बैठकीत तुम्ही बोलायचंच. विषय आहे, सकारात्मक विचारांची ताकद."

काकू तोंड उघडून नाही म्हणणार होत्या. नवऱ्याला त्या ओळखून होत्या.

"येतो," गेलेकर म्हणाले.

बैठकीला हॉल भरला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, टोप्या, डोक्याला बांधलेले रुमाल, नाकात नळी घातलेले एक आजोबा. सगळ्यांच्या चेहऱ्यावर बैठकीला येताना लावायचं हसू. काकू शेवटच्या रांगेत जीव मुठीत धरून बसल्या. संयोजिकाबाईंनी ओळख करून दिली: "ज्यांनी आशेच्या जोरावर आजाराला हरवलं..."

गेलेकर उभे राहिले. "मी फ्रीज दुरुस्त करतो. मला उमेदीवर बोलायला सांगितलंय. मला उमेद नव्हती."

लोक हसले.

"विनोद नाही. औषध चालू होतं तेव्हा रोज वाटायचं, आपण चाललो. घरात ओरडत होतो. घाबरलो होतो. गाठ लहान झाली. माझ्या शेजारी एक गृहस्थ बसायचे, तुम्ही ओळखता त्यांना, बाहेर फोटो होता. ते सगळा वेळ हसायचे. औषध तेच, नर्स तीच. त्यांची गाठ वाढली." ते थांबले. भाषण करायची सवय नव्हती. हात कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून त्यांनी ते खिशात घातले. "परवा मी ऐकलं की त्यांनी उमेद सोडली असणार. त्यांनी काही सोडलं नव्हतं. औषध त्यांना लागू पडलं नाही. मेलेल्या माणसाच्या माथी ते मारू नका. एवढंच सांगायचं होतं."

आणि ते बसले. संयोजिकाबाई सावरायला उठल्या, "काकांच्या या मिश्कील..." तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या, डोक्याला निळा रुमाल बांधलेल्या शिक्षिकेनं हात वर केला. "म्हणजे... मी घाबरले म्हणून माझी गाठ वाढत नाही?"

"गाठीला काय कळतंय बाई, तुम्ही घाबरलात की नाही ते?"

"मला रोज वाटतं, मीच घाबरून घाबरून ती वाढवतेय. घरचे म्हणतात, विचार बदल. मला नाही बदलता येत."

"मलाही नाही आलं," गेलेकर म्हणाले. "मी तुमच्यापेक्षा जास्त घाबरतो. बायकोला विचारा."

शिक्षिका रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. नळीवाले आजोबा म्हणाले, त्यांना तो भिंतीवरचा सूर्य अजिबात बघवत नाही, आल्यापासून डोळे वटारून बघतोय. मग एकेकाचं तोंड उघडलं. कुणाला सुनेचा सल्ला नको झाला होता, कुणाला रस. रसाचं नाव निघताच अर्ध्या हॉलनं एकमेकांकडे बघितलं; जणू साडू घरोघरी होते. एकमेकांच्या भीतीवर माणसं पोट धरून हसली. त्या हॉलमध्ये इतका हशा त्याआधी कधी झाला नव्हता.

संयोजिकाबाई भारावून गेल्या. निघताना गेलेकरांना म्हणाल्या, "बघितलंत? किती सकारात्मक वातावरण झालं!"

बसमध्ये काकूंनी खिडकी लावून घेतली. हे नवलच. दोन थांबे गेल्यावर म्हणाल्या, "अहो, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"काय?"

"मी तुमचा फोटो मोठा करून ठेवलाय. फ्रेम करून. कपाटावर, चादरींच्या मागे."

"कधी?"

"नेहमीची औषधं संपली म्हणाले ना डॉक्टर? त्याच आठवड्यात."

गेलेकरांनी वळून बायकोकडे बघितलं. सकाळी फ्रीजवर 'मी बरा होत आहे' चिकटवणारी बाई, आणि दुपारी फोटोच्या दुकानात!

"म्हणजे तुलाही..."

"मलाही. पण तुम्ही आधीच हातपाय गाळून बसलेले. दोघांनी गाळून कसं चाललं असतं?"

पुढचा थांबा येईपर्यंत त्यांनी तिची पिशवी आपल्या मांडीवर घेऊन ठेवली.

घरी जाऊन स्टुलावर चढून त्यांनी स्वतःच तो फोटो खाली काढला. कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतून कापून मोठा केलेला. कोपऱ्यात परक्या माणसाचा खांदा. आणि त्यात ते चक्क खळखळून हसत होते.

"हा मी?"

"त्या लठ्ठ पाहुण्याची खुर्ची मोडली होती तेव्हाचा."

"हा नको. लोकांना वाटेल, आनंदानं गेला. चांगला काढू एक."

"आता?" काकूंच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. ही सगळी हकीगत नंतर त्यांनीच गल्लीला सांगितली.

"सवडीनं. घाई काय आहे?" गेलेकर म्हणाले.

चाचणीचं पुढे असं झालं की ती फसली. बहुतेकांना औषध लागू पडलं नाही आणि कंपनीनं ती गुंडाळली. गुण आला तो फक्त तिघांना. त्यातले एक गेलेकर. डॉक्टरीणबाईंनी भांडून-तंडून त्यांच्यापुरतं औषध चालू ठेवलं आणि पहिल्या ऑपरेशनच्या वेळी काढलेला गाठीचा जपून ठेवलेला तुकडा पुन्हा तपासायला पाठवला. मग एक दिवस बोलावून सांगितलं, "काका, तुम्हा तिघांच्याही गाठीत एक विशिष्ट बिघाड आहे. तो असला तरच हे औषध काम करतं. आता ज्यांच्यात तो बिघाड आहे, अशांसाठीच नवी चाचणी सुरू होतेय. तुमच्या गाठीमुळे कळलं हे."

"म्हणजे मी बिघाडामुळे वाचलो?"

"तसंच म्हणा."

गेलेकरांनी थोडा विचार केला. "मग त्याला हात लावू नका."

नव्या चाचणीत आतापर्यंत काहीजण आले आहेत. त्यात ती निळ्या रुमालाची शिक्षिकाही आहे. तिचा बिघाड जुळला. गुण येईल का, असं तिनं विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिल्या चाचणीपेक्षा शक्यता बरी आहे, पण सांगता येत नाही. तिनं गेलेकरांना विचारलं. ते म्हणाले, त्यांनाही सांगता येत नाही, पण तोंड येईल, तेव्हा बर्फाचा खडा चघळा. तिला तेवढं पुरलं असावं. हल्ली दोघंही शेजारी बसतात आणि औषध संपेपर्यंत हॉस्पिटलच्या लिफ्टला नावं ठेवतात.

गेलेकरांचं पुढचं स्कॅन पुढच्या महिन्यात आहे. काकू म्हणतात, चांगलंच येणार. गेलेकर काहीच म्हणत नाहीत. तोवर दुकान उघडं असतं, रविवारी बंद.